निळा भात

अलकापुरीत पहिल्या मजल्यावर गॅलरी आहे, खाली एटीएम.
दर चौथ्या शनिवारी मंडळ जमतं.
आधी चित्रं बघायची, मग चित्रांना शोभेल असं खायचं.
खायचं मी करते.
चित्रांचं हेमांगिनी गुप्ते ठरवतात,
दांडिया बाजारच्या, चष्मा साखळीला.

जानेवारीत वाळवंटं होती. बाजरीचे रोटले, काचरीची भाजी,
वर गुळाचा खडा. सोपं गेलं.
फेब्रुवारीत काळ्यावर काळ्या रेघा,
तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ, तिळाच्या वड्या,
आणि एक पातेलं करपलं, ते माझ्याकडून.

मार्चमध्ये फोन. "द्वारकाताई, या वेळी निळं हं."
निळं काय?
"सगळंच. मुलगा फक्त निळ्यातच काढतो."

फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले.
मिसळणाच्या डब्यात सात वाट्या,
पिवळी आहे, तांबडी आहे, मातकट तर तीन आहेत.
निळी नाही.
चाळीस वर्षं रांधते, रंगाशी कधी अडलं नव्हतं.
निळं म्हणजे पावावरची बुरशी.
निळं म्हणजे रेशनचं रॉकेल.
निळी म्हणजे भांड्याखालची ज्योत,
सगळ्यांना जेवू घालते, स्वतः ताटात येत नाही.

बाटलीतला रंग घालणार नव्हते.
खंडेराव मार्केटात फुलवाल्या जशीबेनला विचारलं,
ती हसली, पुडा उलगडला: गोकर्ण.
"भगवानने चढाववा?"
म्हटलं, नाही, शिजवायला.
तिनं दोनदा विचारलं.

पहिलं पाणी शाईसारखं.
दुसरं, मकरसंक्रांतीच्या दुपारी गच्चीवरून दिसतं तसं.
तिसरं, नीळ जास्त झालेल्या गणवेशासारखं.
तिन्ही पाण्यांत तीन भात केले.

पाच वर्षं त्या हॉलमध्ये जाते,
भिंतीकडे बघितलं ते फक्त शेगडीचा प्लग शोधताना.
त्या दिवशी प्लग होता एका चित्राच्या खाली.
वाकले, उठले,
आणि समोर विश्वामित्री. रात्रीची. पुलावरून.
मगर काढलेली नव्हती.
पण पाणी असं धरून ठेवलेलं
की ती आहे, आणि तिला कळलंय आपण आलोय.

मागे टिपणीस डॉक्टर म्हणाले, "ह्यात मौन आहे."
भात खाऊन म्हणाले, "ह्यातही."
मीठ विसरले होते मी.

मुलगा कोपऱ्यात. अर्चित पागे. अंगठ्याचं नख निळं.
त्याला म्हटलं, काठापाशी तिसरं पाणी वापरलंस ना रे?
तो बघतच राहिला.
"तीनदा फडक्यानं पुसून घेतलं, काकू.
कुणाला दिसलं नाही."
मग हळूच, "जेवायला दुसरं काही आहे?
दोन वर्षं निळंच बघतोय."
माझ्या डब्यात थेपले होते, लसणाची चटणी.
चित्रांकडे पाठ करून उभ्यानं खाल्ले त्यानं, पाच.
पाचवा माझा होता.

भात अर्धा उरला. लोकांनी फोटो काढले होते, भरपूर.

रविवारी सकाळी फोडणी टाकली.
मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची,
आणि हात सवयीनं हळदीकडे गेला.
भात हिरवा झाला.
पोपटी नाही, पालकासारखाही नाही,
कामाटी बागेतल्या तळ्यावर साय धरते तसा.
लिंबू पिळलं तर जिथे थेंब पडला तिथे जांभळा ठिपका.
चमचा हातात धरून मी बघत राहिले.
घरात कुणी नव्हतं दाखवायला.
आधी वाटलं फोटो काढावा,
मग भूक लागली.

तेवढ्यात हेमांगिनीताईंचा फोन.
"पुढच्या महिन्यात आरसे आहेत,
नुसते आरसे. काय करता येईल?"
तोंडात घास होता,
हूं म्हटलं.